अंतराला नको, थंडीला घाबर

ये, बस अशी जवळ. इंग्लिश खाडी पोहायची हे ठरलंय, बोटीच्या पायलटने भरतीचे दिवसही दिलेत. आता जे प्रशिक्षक तुला मोकळेपणाने सांगणार नाहीत, ते मी सांगते.

डोव्हरपासून फ्रान्सचं केप ग्री-ने सरळ रेषेत साधारण ३३ किलोमीटर. तेवढं तू पोहशील गं, त्याची काळजी नाही. काळजी पाण्याची आहे. ऐन ऑगस्टमध्येही ते १६ ते १८ अंश असतं आणि अंगावर फक्त साधा स्विमसूट, टोपी, गॉगल. वेटसूट घातला की ते पोहणं धरतच नाहीत. म्हणून तर आधी १६ अंशांच्या आतल्या पाण्यात सहा तास पोहून दाखवायला लावतात. तलावातल्या कोमट पाण्यात कितीही फेऱ्या मारल्यास तरी ही सवय होणार नाही. शक्य तेवढी आधी जा आणि डोव्हरच्या बंदरात रोज उतर.

आणि वजन वाढव. तूप खा, रात्रीचा भात सोडू नकोस. लग्नकार्यात कुणी ‘किती सुटलीस गं’ म्हणालं तर म्हणू दे. अंगावरची ती चरबीच तुला ऊब देणार आहे.

पाळीचं मनात असेल तर आत्ताच बोल. भरतीचे दिवस आपल्यासाठी हलत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना दोन-तीन महिने आधी विचारू. लघवी मात्र पाण्यातच, लाजायचं नाही. थंडीत ती अडते, मग पोट दुखायला लागतं. काखेत, मानेवर, पट्ट्यांखाली व्हॅसलीन थापून घे. मिठाने तिथलीच कातडी सोलवटते.

खाणं दोरीला बांधलेल्या बाटलीतून येतं. उताणी हो, चार घोट घे, बाटली सोड, लगेच निघ. गप्पा नकोत. तू थांबलीस तरी प्रवाह थांबत नाही, तो तुला आडवी नेतच असतो. बोटीला हात लागला तर सगळं बाद. आणि ‘किती राहिलं?’ हे कधीही विचारू नकोस. फ्रान्स दिसायला लागला तरी तासन् तास जवळ येत नाही, बऱ्याच जणी तिथेच खचतात. जहाजांकडेही बघू नकोस. रोज ४००हून अधिक जातात तिथून, त्यांचं पायलट रेडिओवर बघून घेईल.

त्याने ‘बाहेर ये’ म्हटलं तर वाद न घालता यायचं. थंडी डोक्यात गेली की आपलं आपल्याला कळत नाही. आरती साहा १९५९च्या ऑगस्टमध्ये पलीकडचा किनारा जवळ आलेला असताना बाहेर आल्या. पुढच्याच महिन्यात, २९ सप्टेंबरला, त्यांनी खाडी पार केली. तोवर आशियातल्या एकाही बाईला ते जमलं नव्हतं.

आईची चिंता करू नकोस. बोटीचा ठिपका नकाशावर दिसतो, ती रात्रभर त्यावर डोळे लावून बसणार. भरतीने तो फ्रान्सऐवजी बाजूलाच सरकायला लागला की घाबरेल. मी असेन तिच्याजवळ; सहा तासांनी प्रवाह उलटतो, तेव्हा पोरगी परत वळणावर येते, हे तिला आत्तापासूनच समजावून ठेवते.