दोन लाइनी, पण वाटा वेगळ्या हव्यात

व्यापारी बंधूंनो, लोणावळ्यात दुकान, कामशेतला कारखाना आणि पुण्यात गोदाम असेल, तर बिले व साठ्याचा हिशेब जोडणारे नेटवर्क बंद पडणे म्हणजे धंदाच थांबणे होय. म्हणून दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, वाढ. दहा ठिकाणे एकमेकांना थेट जोडल्यास 45 जोडण्या लागतात. त्यांतील दोन ठिकाणे केंद्रे करून एकमेकांना जोडली आणि उरलेली आठ दोन्ही केंद्रांना जोडली, तर 17 पुरतात. नव्या दुकानासाठी फक्त दोनच वाढतात. एक केंद्र बंद पडले तरी दुसरे काम सांभाळते.

दुसरी, बिघाड. जुलै 2015 मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून द्रुतगती मार्ग अडला होता. अशा वेळी दुसरी वाट हवीच. पण तेव्हा घाटात जुना महामार्ग व द्रुतगती मार्ग काही अंतर एकच होते, तिथे अडथळा आला की दोन्ही वाटा खुंटत. केबलचेही तसेच आहे. दोन कंपन्यांच्या लाइनी एकाच चरातून आल्या असतील, तर जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडतो. करार करण्यापूर्वी मार्ग विचारून घ्यावा. दुसरी लाइन शक्यतो टॉवरवरून बिनतारी घ्यावी.

महिन्यातून एकदा मुख्य केबल काढून बिल निघते का, हे पाहावे. न तपासलेल्या दुसऱ्या लाइनीचा भरवसा धरू नये.