कोरिया : एक लोक, दोन राज्ये

आशिया खंडाच्या ईशान्य भागात, चीन आणि जपान यांच्यामध्ये, कोरियाचे द्वीपकल्प दक्षिणेकडे समुद्रात उतरलेले आहे. त्याची लांबी सुमारे १,००० किलोमीटर असून क्षेत्रफळ सुमारे २,२०,००० चौरस किलोमीटर आहे. पूर्व, दक्षिण व पश्चिम या तिन्ही दिशांना समुद्र आहे. उत्तरेकडे २,७४४ मीटर उंचीचा पेक्तु पर्वत असून त्याच्या परिसरात उगम पावणाऱ्या यालू व तुमेन या दोन नद्या या भूमीला मुख्य खंडापासून वेगळे करतात. निसर्गाने इतक्या स्पष्टपणे आखून दिलेल्या सीमा फार थोड्या देशांच्या वाट्याला आल्या आहेत.

या भूमीचा सुमारे सत्तर टक्के भाग डोंगराळ आहे. तेबेक ही मुख्य पर्वतराजी पूर्व किनाऱ्याला लागून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. तिचा पूर्वेकडील उतार तुटक व उभा आहे, तर पश्चिमेकडील उतार सौम्य आहे. त्यामुळे बहुतेक मोठ्या नद्या पश्चिमेस वा दक्षिणेस वाहतात आणि भातशेतीची मैदाने त्याच बाजूंना आढळतात. उत्तर भागात कोळसा, लोखंड व जलशक्ती विपुल आहे. दक्षिणेत हवामान उबदार व शेतजमीन अधिक सुपीक आहे. हे दोन्ही भाग अशा प्रकारे परस्परांना पूरक आहेत.

इतिहासाच्या आरंभीच्या शतकांत येथे गोगुर्यो, पेक्चे व सिल्ला ही तीन राज्ये नांदत होती. त्यांपैकी सिल्लाने सातव्या शतकात द्वीपकल्पाचा बराचसा भाग आपल्या सत्तेखाली आणला. बौद्ध धर्म तोपर्यंत येथे रुजला होता. आठव्या शतकात ह्येचो नावाचा कोरियन भिक्षू भारतात येऊन गेला आणि त्याने आपल्या प्रवासाचा वृत्तांत लिहून ठेवला. पुढे गोर्यो घराण्याने इ. स. ९३६ मध्ये देश पुन्हा एकत्र केला. तेव्हापासून १९४५ पर्यंत, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ, कोरियाचे विभाजन झाले नाही. तेराव्या शतकातील मंगोल स्वाऱ्यांच्या धामधुमीत कोरियन भिक्षूंनी व कारागिरांनी बौद्ध त्रिपिटक ८०,००० हून अधिक लाकडी ठशांवर कोरून काढले. ते ठसे आजही हेइन्सा येथील मठात सुरक्षित आहेत.

१३९२ मध्ये सत्तेवर आलेल्या चोसन घराण्यातील राजा सेजाँग याची कामगिरी कोरियन लोक विशेष आदराने स्मरतात. त्याच्या काळी लेखन चिनी लिपीत होत असे व ती शिकणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. सेजाँगने १४४३ मध्ये २८ अक्षरांची एक नवी लिपी सिद्ध केली व १४४६ मध्ये ती प्रसृत केली. मूळ व्यंजनांचे आकार उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, दात व कंठ यांची जी स्थिती होते तिच्यावरून घेतलेले आहेत. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशा क्रमाने वर्णमाला शिकणाऱ्या भारतीय वाचकाला ही योजना परकी वाटणार नाही.

१९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात विलीन केला. १ मार्च १९१९ रोजी देशभर स्वातंत्र्याच्या घोषणा झाल्या; ते आंदोलन निष्ठुरपणे दडपण्यात आले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानचा पराभव झाला. मात्र जपानी सैन्याची शरणागती कोणी कोठे स्वीकारावी हे ठरविण्यासाठी दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी नकाशा पुढे घेऊन ३८ वे अक्षवृत्त सुचविले व सोव्हिएत संघाने ते मान्य केले. या रेषेने नद्यांचे प्रवाह, रस्ते व खेडी मधूनच कापली. तात्पुरती म्हणून आखलेली ही रेषा १९४८ मध्ये दोन स्वतंत्र राज्यांची सीमा बनली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात उत्तरेकडून दक्षिणेला होणारा वीजपुरवठा बंद झाला. परस्परपूरक भागांच्या ताटातुटीचा अर्थ दक्षिणेतील घराघरांत तेव्हा जाणवला.

२५ जून १९५० रोजी उत्तरेच्या सैन्याने रेषा ओलांडली व युद्धाला तोंड फुटले. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाला, परंतु शांततेचा तह अद्याप झालेला नाही. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडविण्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताचे जनरल थिमय्या यांच्याकडे होते. त्या कैद्यांचा सांभाळ करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांनी केले.

शस्त्रसंधीची रेषा आज सुमारे २५० किलोमीटर लांब व ४ किलोमीटर रुंद अशा निर्लष्करी पट्ट्यातून जाते. तिच्या दोन्ही बाजूंना आईबाप व मुले, भाऊ व बहिणी विभागली गेली. सामान्य नागरिकांना पलीकडे पत्र पाठविण्याची वा दूरध्वनी करण्याची मुभा नाही. २००० ते २०१८ या काळात दोन्ही सरकारांनी घडवून आणलेल्या भेटींत काही हजार वृद्धांनी आपल्या आप्तांना थोड्या दिवसांपुरते पाहिले. दक्षिणेत अशा भेटीसाठी नाव नोंदविणाऱ्यांची संख्या सव्वा लाखाहून अधिक होती. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक आता हयात नाहीत.

दोन्ही राज्यांची अर्थव्यवस्था, शासनपद्धती व शिक्षण आज सर्वस्वी भिन्न आहे. भाषेतही भेद वाढत चालले आहेत. तरीही हिवाळ्याच्या तोंडावर दोन्हीकडची कुटुंबे व शेजारी एकत्र जमून कोबी व मुळा यांचे किमची मुरवत घालतात. या चालीची युनेस्कोच्या वारशाच्या यादीत दक्षिणेच्या नावे २०१३ मध्ये व उत्तरेच्या नावे २०१५ मध्ये अशी दोनदा नोंद झाली. पुढे २०१८ मध्ये सिरुम या पारंपरिक कुस्तीची नोंद मात्र दोन्ही राज्यांच्या नावे एकत्र करण्यात आली. या यादीत दोन्ही कोरियांची नावे एकाच नोंदीखाली येण्याची ती पहिलीच वेळ होती.