‘द’ नसण्याचा अर्थ

मराठीत उपपद नाही, त्यामुळे इंग्रजीतील ‘द’ मला उगीचची लुडबूड वाटे. नदी म्हणून ‘द गोदावरी’, गाव म्हणून नुसते ‘नाशिक’. एवढे पाठ करून भागते. खरी गोम ‘द’ गाळण्यात आहे.

गतवर्षी फीमाफीच्या अर्जात मी लिहिले, ‘माय फादर इज इन हॉस्पिटल.’ सरांनी काळजीने विचारले, “वडिलांना काय झाले रे?” वडील तर तिथे नोकरीला!

प्रिझन, स्कूल, चर्च, हॉस्पिटल यांच्याआधी ‘द’ नसला की त्या जागेचा मूळ उपयोग अभिप्रेत असतो. नाशिक रोडच्या तुरुंगात ‘इन प्रिझन’ तो कैदी. त्याला भेटायला आलेला भाऊ ‘इन द प्रिझन’. (अमेरिकन माणूस रुग्णालाही ‘इन द हॉस्पिटल’च म्हणतो.) काळारामाच्या दर्शनाला गेलो तर मात्र सहसा ‘टु द टेम्पल’च. सवलत चर्चला!

मी दुरुस्ती केली, ‘वर्क्स इन अ हॉस्पिटल’. ‘अ’ अशासाठी, की कोणते इस्पितळ हे वाचणाऱ्याला ठाऊक नाही. वडिलांचे काम मी आधी मुद्दाम लिहिले नव्हते. तेही लिहिले. मराठीत ‘ते वॉर्डबॉय आहेत’ एवढे पुरते; इंग्रजीत व्यवसायाआधी ‘अ’ हवाच: ‘ही इज अ वॉर्डबॉय.’