नभोवाणीची संहिता आणि ‘गीतरामायण’

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मराठी कवितेचा इतिहास सामान्यतः नियतकालिके आणि काव्यसंग्रह यांच्या आधारे लिहिला जातो. याच काळात नभोवाणीने मराठी कवितेला फार मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. या घटनेची नोंद मात्र बहुधा माहितीपुरतीच घेतली जाते. माध्यमाने कृतीच्या रूपावर कोणता संस्कार केला, हा प्रश्न ‘गीतरामायणा’च्या संदर्भात नेमकेपणाने मांडता येतो.

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा नभोवाणी केंद्रे आली. पुढे १९४८ मध्ये नागपूर आणि १९५३ मध्ये पुणे येथे केंद्रे सुरू झाली. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू होईपर्यंत ही पोकळी जाणवत होती. अभिजात संगीत आणि चित्रपटगीत यांच्यामधल्या सुगम संगीताला त्यामुळे विशेष महत्त्व आले. पुणे केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही मालिका १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झाली, ती या पार्श्वभूमीवर.

दर आठवड्याला एक गीत, याप्रमाणे वर्षाची बावन्न गीते योजलेली होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती छप्पन्न झाली. म्हणजे कृतीचा विस्तार केवळ कथावस्तूने नव्हे, तर प्रसारणाच्या कालगणनेनेही ठरविला. श्रोत्याला पान उलटून मागे जाता येत नाही. दोन गीतांमध्ये आठवड्याचे अंतर असते. म्हणून प्रत्येक गीत स्वयंपूर्ण हवे आणि बोलणारे पात्र कोण, प्रसंग कोणता, हे आरंभीच्या ओळींतच उमगायला हवे. माडगूळकरांच्या रचनेतील संबोधनांचे प्राचुर्य, ध्रुवपदातच भावस्थिती सांगून टाकण्याची पद्धत आणि अल्पाक्षरी सुबोधता यांना भक्तिपर गीतपरंपरेइतकेच या माध्यमाचेही कारण आहे. पहिल्या गीतात कुश-लव गातात व राम ऐकतो. अखेरच्या गीतात वाल्मीकी त्यांना रामायण गाण्यास सांगतात. श्रवण हाच अशा रीतीने कृतीचा विषयही होतो.

येथे संहितेचा प्रश्न उद्भवतो. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, ललिता फडके, राम फाटक आदी निरनिराळ्या गायकांचे आवाज होते. पात्रागणिक स्वर बदलत होता. पुस्तकात हे आवाज लोपले आणि शब्द उरले. पुढे फडके यांनी जाहीर कार्यक्रमांतून व ध्वनिमुद्रिकांतून सर्व गीते एकट्याने गायिली. नाट्यात्म बहुस्वरी कृती त्यामुळे एका कथनकाराच्या निरूपणात रूपांतरित झाली. पुढील पिढ्यांच्या स्मरणात प्रामुख्याने हे तिसरे रूप आहे.

ही तीन रूपे एकच मानून केलेली समीक्षा सदोष ठरते. ‘गीतरामायण’ काव्य म्हणून सोपे आहे, हा आक्षेप छापील शब्दांपुरता खरा असेल. पण सोपेपणा ही प्रसारणाची अट होती आणि त्या अटीत कवीने काय साधले, हे तपासावे लागते. नभोवाणीसाठी लिहिल्या गेलेल्या श्रुतिका, भाषणे व संगीतिका यांनाही हाच न्याय लागू होतो. त्यांची ध्वनिमुद्रणे हस्तलिखितांइतक्याच आस्थेने जतन झाली नाहीत, तर साहित्येतिहासाच्या हाती केवळ छापील अवशेष राहतील.