दोन विषाणू आणि थकलेल्या पेशी

१ डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो. एचआयव्हीबरोबर अंगात दुसराही विषाणू असेल तर काय होते, ते आज पाहू.

आपल्या रक्तातील सीडी४ या पांढऱ्या पेशी हुकूम देतात आणि सीडी८ पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात. एचआयव्ही नेमका हुकूम देणाऱ्यांतच शिरतो. त्यातच यकृतात हिपॅटायटिस बीचा विषाणू ठाण मांडून बसला, तर शत्रू रात्रंदिवस समोर. सीडी८ पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. तो १९९२ साली जपानच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. २०१८ साली त्यांना नोबेल मिळाले. लढाईत आपल्याच शरीराला इजा होऊ नये म्हणून हा ब्रेक लागतो. पण लढाई संपतच नाही, म्हणून तो दाबलेलाच राहतो. पेशी जिवंत असतात, पण थकलेल्या.

निरोगी प्रौढांपैकी १०० पैकी सुमारे ९५ जण हिपॅटायटिस बीला स्वतःच हाकलून लावतात. एचआयव्ही असलेल्यांत तो कायमचा राहण्याचे प्रमाण बरेच जास्त आहे, आणि यकृतही लवकर खराब होते.

दोन्ही विषाणू रक्तातून पसरतात. आपल्याच गुजरातमध्ये, मोडासा येथे, २००९ साली वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. एका ताटात जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने यांपैकी काहीच होत नाही.

पालकांना एक सांगायचे आहे. कावीळ झाली की आपल्याकडे माळ घालतात. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि नाव माळेचे होते! हिपॅटायटिस बी माळेला जुमानत नाही, त्यासाठी रक्ततपासणीच हवी. एचआयव्ही असलेल्याने तर ती टाळूच नये. लहान मुलांना याची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

एआरटी सेंटरवर मोफत मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीतील टेनोफोविर आणि लॅमिवुडिन ही औषधे दोन्ही विषाणूंना दाबतात. एचआयव्ही आटोक्यात आला की सीडी४ पेशी पुन्हा वाढू लागतात. मात्र बरे वाटले म्हणून गोळी सोडली, तर यकृतातला विषाणू एकदम उसळतो. मे महिन्यात खानदेशात गावी जाताना सेंटरला आधी सांगून पुरेशा गोळ्या बरोबर घ्याव्यात.

विश्वस्तांसाठीही एक नोंद: २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्हीच्या कारणावरून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.