टीकेइंटर : दुसऱ्यासाठी खिडकी घडविण्याचा पाठ

संगणकाला आज्ञा देता येणे ही शिक्षणाची एक पायरी आहे. आपण लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याला सहज वापरता यावी, ही त्यापुढची. पायथॉन शिकणारा विद्यार्थी प्रारंभी काळ्या पडद्यावर अक्षरे टाईप करून उत्तर मिळवतो. त्याला तेवढे पुरते. परंतु भोजनगृहातील ताईंना तोच काळा पडदा बंद दारासारखा वाटतो. त्यांच्यासाठी खिडकी हवी, तीत मराठी शब्द हवेत आणि दाबण्यासाठी बटन हवे. अशी खिडकी कशी घडवावी, याचा पाठ आम्ही येथे मांडत आहोत.

अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन ओस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये ‘टीसीएल’ ही सुटसुटीत स्क्रिप्ट भाषा तयार केली. पुढे तिच्या जोडीला त्यांनी बटने, चौकटी, याद्या यांचा ‘टीके’ हा संच रचला. सी भाषेत ज्या खिडकीसाठी लांबलचक लेखन करावे लागे, ती आता थोड्या ओळींत उभी राहू लागली. या कार्यासाठी असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी या संस्थेने १९९७ चा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार त्यांना दिला. हाच संच पायथॉनमधून वापरण्याचा दुवा म्हणजे ‘टीकेइंटर’. विंडोजवर पायथॉनची नेहमीची प्रत बसवली की तो सोबतच येतो. त्यासाठी वेगळे मूल्य द्यावे लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. वसतिगृहात १२० विद्यार्थी जेवणार असून प्रत्येकी १५० ग्रॅम तांदूळ लागतो. म्हणजे एकूण १८ किलो. हा हिशेब खिडकीत करावयाचा आहे. प्रथम ‘टीके’ या आज्ञेने रिकामी खिडकी निर्माण करावी. मग ‘लेबल’ने ‘विद्यार्थिसंख्या’ आणि ‘प्रत्येकी ग्रॅम’ ही नावे द्यावीत, ‘एंट्री’ने लिहिण्याच्या दोन चौकटी कराव्यात, ‘बटन’ने ‘हिशेब करा’ हे बटन करावे आणि उत्तरासाठी आणखी एक लेबल ठेवावे. ‘ग्रिड’ या आज्ञेने हे घटक ओळी व स्तंभांत बसतात. ‘पॅक’ ही मांडणीची दुसरी रीत आहे. एकाच चौकटीत दोन्ही मिसळू नयेत. बटनाला हिशेबाच्या फंक्शनचे केवळ नाव जोडावे. नावापुढे कंस लावल्यास खिडकी उभी राहत असतानाच फंक्शन एकदा चालून जाते आणि नंतर बटन दाबूनही काही होत नाही.

शेवटची ओळ ‘मेनलूप’. तिच्यामुळे खिडकी जागी राहते आणि कोणी काही करेल याची वाट पाहते. बटन दाबले तर फंक्शन चालते. न दाबले तर चालत नाही. कारण असता परिणाम, कारण नसता परिणाम नाही, ही धम्मातून परिचित असलेली विचाराची शिस्त विद्यार्थ्याला येथे डोळ्यांनी पाहता येते.

आता महत्त्वाचा भाग. संख्येची चौकट रिकामी ठेवून कोणी बटन दाबले, तर फंक्शन मध्येच थांबते. चुकीचा इंग्रजी मजकूर मागच्या काळ्या पडद्यावर उमटतो. खिडकीत मात्र काहीच घडत नाही. वापरणारी व्यक्ती दोन-तीनदा बटन दाबते आणि ‘आपल्याला हे जमायचे नाही’ म्हणून उठून जाते. दोष खिडकीचा, कमीपणा माणसाच्या पदरी! ज्या समाजाला विद्येपासून दूर ठेवून वर अज्ञानाचा ठपकाही त्याच्यावरच ठेवला गेला, त्या समाजाच्या लेकरांनी अशी खिडकी घडवू नये. ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ या शब्दांनी चूक पकडावी आणि उत्तराच्या जागी ‘कृपया विद्यार्थिसंख्या अंकात लिहा’ असे स्वच्छ मराठीत दाखवावे. ‘१२०’ असे देवनागरी अंक लिहिले तरी पायथॉनचे ‘इंट’ हे फंक्शन ते संख्या म्हणून स्वीकारते, हेही ध्यानात ठेवावे.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे महाड आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेनेही ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य ठरविलेल्यांना मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी ते पाणी घेतले, तेव्हा कागदावरचा अधिकार ओंजळीत आला. त्या संग्रामाशी आमच्या छोट्या पाठाची बरोबरी नाही. परंतु ‘खुले आहे’ असे म्हणणे आणि प्रत्यक्ष हाती येणे यांतील अंतर ओळखण्याची दृष्टी आम्हांला तेथूनच मिळाली आहे.

म्हणून संगणक क्षेत्रात असलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, सुटीतील एक दिवस त्यांनी आपल्या धाकट्या भावंडांना द्यावा. खिडकी तयार झाली की ती भोजनगृहात न्यावी, ताईंना खुर्चीवर बसवावे आणि आपण बाजूला गप्प उभे राहावे. त्यांचा हात जेथे अडेल, ती जागा वहीत टिपून घ्यावी. पुढचा पाठ तेथून सुरू होतो.