वेकेशनमधली घटनादुरुस्ती

सुरतच्या कतारगाममध्ये कुठल्याही पक्षाची, मंडळाची किंवा सोसायटीची सर्वसाधारण सभा दिवाळी वेकेशनमध्ये बोलावू नये. हिऱ्याचे कारखाने बंद झाले की अमरेली-भावनगरच्या बसगाड्या भरभरून निघतात आणि वेड रोडपासून अमरोलीच्या पुलापर्यंत घराघराला कुलूप दिसते. आमच्या पक्षाची घटनादुरुस्ती २०२३ च्या दिवाळीत, नेमकी त्याच दिवसांत झाली. ठराव बहुमताने मंजूर झाला म्हणून पेढे वाटले गेले. पुढच्या उन्हाळ्यात एका पक्षाचे दोन अध्यक्ष होते, दोन लेटरहेड होती आणि बँकेतले एकुलते एक खाते गोठलेले होते.

पक्षाचे नाव सांगत नाही. सांगितले तरी कोणाला आठवणार नाही. निवडणूक आयोगाच्या भाषेत आम्ही 'नोंदणीकृत, पण मान्यता नसलेला पक्ष'. २०२१ च्या महापालिका निवडणुकीत सुरतच्या १२० पैकी २७ जागा आम आदमी पक्षाने घेतल्या, काँग्रेसला भोपळा मिळाला, आणि कतारगामच्या चहाच्या लारीवर ज्याला त्याला राजकारण सुचू लागले. आमचा पक्ष त्याच हवेत जन्मला. त्यात हिरे घासणारे रत्नकलाकार होते, एम्ब्रॉयडरीचे जॉबवर्कवाले होते, थोडे रिक्षावाले आणि आम्ही मूठभर खानदेशी. सुरतची मराठी वस्ती खरी लिंबायत, उधना, डिंडोलीकडची, कतारगाम सौराष्ट्रवाल्यांचे. मी इथल्या कारखान्यांचे हिशेब लिहितो आणि गुजराती, हिंदी, मराठी तिन्हींत अर्ज खरडू शकतो, एवढ्या भांडवलावर मला सहचिटणीस करण्यात आले.

दुरुस्तीची गरज खोटी नव्हती, हे आधी सांगतो. २०२१ मध्ये निवडून आलेले आम आदमी पक्षाचे कितीतरी नगरसेवक पुढे भाजपात गेले, ते सगळ्या शहराने पाहिले. आमच्याकडे नगरसेवक नव्हते, पण भीती होती. शिवाय एका कारखानदाराने एका संध्याकाळी सभासदत्वाच्या अर्जांचा गठ्ठाच आणून टेबलावर ठेवला. सगळे अर्ज एकाच हस्ताक्षरात, एकाच निळ्या शाईत, वर्गणी एकरकमी. त्याच्याकडे हिरे घासायच्या घंट्यांवर बसणारी पोरे आपण कुठल्या पक्षात आहोत हे सांगू शकली नसती. आमच्या घटनेप्रमाणे वर्गणी भरली की माणूस सभासद आणि सभासद झाला की त्याला मत. म्हणजे पैशाने पक्ष एका रात्रीत विकत घेता येत होता. छोट्या पक्षाला हा धोका मोठ्या पक्षापेक्षा जास्त असतो, कारण त्याची किंमतच कमी असते.

यावर साधा उपाय होता. नव्या सभासदाला ठरावीक महिने मत नाही, आणि मतदारयादी निवडणुकीच्या आधी एका तारखेला बंद. सहकारी बँकेत, गृहनिर्माण सोसायटीत काम केलेल्या कोणालाही तो सुचला असता. पण मसुदा अध्यक्षांच्या जवळच्या लोकांनी केला आणि त्यात औषध बाजूला राहून भलतेच शिरले. सभासदांचे 'सामान्य' आणि 'सक्रिय' असे दोन वर्ग. मत फक्त सक्रियांना. सक्रिय कोण, ते अध्यक्ष ठरवणार. कार्यकारिणीतले निम्मे लोक अध्यक्ष नेमणार. अध्यक्षपदाची मुदत तीनवरून पाच वर्षे, आणि लागोपाठ दोनदाच ही अट रद्द. शेवटी गणसंख्या एक-तृतीयांशवरून एक-दशांश.

मुदतीचा बदल तेवढा मसुदा करणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. आम आदमी पक्षाने जानेवारी २०२१ मध्ये तेच केले होते, आणि त्याच वर्षी केजरीवाल तिसऱ्यांदा संयोजक झाले. मोठ्यांनी केले म्हणून आपणही करावे, ही छोट्या पक्षांची जुनी खोड आहे. पण निम्मी कार्यकारिणी नेमण्याची तरतूद सरळ नियमाबाहेरची होती. आयोगाच्या नोंदणीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पक्षांतर्गत निवडणुका ठरावीक काळाने, जास्तीत जास्त पाच वर्षांनी, व्हायला हव्यात आणि नेमलेल्या सदस्यांचे प्रमाण एक-तृतीयांशावर जाता कामा नये. मी हे सांगितले तेव्हा उत्तर आले, "दिल्हीमां कोण वांचे छे, भाई?"

सभेची गोष्ट आता ऐका. जुन्या घटनेत लेखी नोटीस आणि एक-तृतीयांश गणसंख्या होती. नोटीस वॉट्सअॅपच्या ग्रुपवर गेली. आक्षेप घेणाऱ्याला उत्तर, "ग्रुपमां नाखी दीधुं छे, बधाए जोयुं छे." ग्रुपमध्ये टाकले, सगळ्यांनी पाहिले. निळ्या खुणा हाच पुरावा. हॉलमध्ये डोकी मोजली तर जुन्या नियमाने सभा भरतच नव्हती. तेव्हा पहिला ठराव गणसंख्या कमी करण्याचा घेतला गेला, आणि तो मंजूर झाल्यावर नव्या गणसंख्येने सभा वैध ठरवून बाकीचे ठराव घेतले गेले! एवढे धाडस मी कुठल्या किराणा दुकानाच्या वहीतही पाहिलेले नाही. सभा ज्या नियमाने बोलावली, त्याच नियमाने ती संपेपर्यंत चालते. बदललेला नियम पुढच्या सभेपासून. म्हणून दुरुस्तीच्या ठरावातच अंमलाची तारीख घालावी आणि ती सभेनंतरची असावी.

दुसरा घोटाळा टायपिंगचा, आणि तो मला जास्त भीतिदायक वाटतो. सुधारित घटना डीटीपीवाल्याकडून नव्याने टाइप करून घेतली. त्यात सुरुवातीचा एक परिच्छेद गळाला. तो परिच्छेद भारतीय संविधानाशी, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठेचा आणि देशाचे सार्वभौमत्व, एकता, अखंडता राखण्याचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ मध्ये हा मजकूर पक्षाच्या घटनेत असलाच पाहिजे असे म्हटले आहे. त्याशिवाय नोंदणीच होत नाही. शिवाय २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आयोगाला पक्षाची नोंदणी सर्रास रद्द करता येत नाही असे सांगताना, जे मोजके अपवाद ठेवले त्यांतला एक असा की पक्षाने घटना बदलून हीच तरतूद काढून टाकली तर. नोंदणी फसवणुकीने मिळवलेली असणे आणि सरकारने पक्ष बेकायदा ठरवणे, हे बाकीचे. आमच्याकडे देशाशी बेइमानी कोणाच्या मनात नव्हती, घाई होती. पण कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. नवी प्रत जुन्या प्रतीशेजारी ठेवून दोन माणसांनी, एकाने वाचून आणि दुसऱ्याने बोट ठेवून, ओळ न ओळ ताडून पाहावी. पूर्ण घटना नव्याने टाइप करण्यापेक्षा फक्त बदललेली कलमे 'अमुक शब्दांऐवजी अमुक शब्द' अशा ठरावात लिहिणे उत्तम.

फुटीला कारण झाली २०२४ ची लोकसभा निवडणूक. उमेदवाराला ए आणि बी फॉर्म द्यायचे, त्यावर सही कोणाची? वेकेशनहून परतलेल्या सौराष्ट्रवाल्यांनी जुन्या घटनेप्रमाणे वेगळी सभा घेऊन दुसरा अध्यक्ष निवडला होता. दोघांनी आयोगाला पदाधिकाऱ्यांच्या दोन याद्या पाठवल्या. बँकेने दोन ठराव पाहिले आणि खात्यावरचे व्यवहार थांबवले. आणि ज्या फॉर्मसाठी हे सगळे झाले ती निवडणूक सुरतेत झालीच नाही. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांनी आपल्या सह्या नाकारल्यामुळे बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. सहीवरून एवढे रामायण होऊ शकते, हे आमच्या दोन्ही अध्यक्षांनी एकाच दिवशी टीव्हीवर पाहिले. शहाणपण मात्र कोणाला आले नाही.

आम्हांला वाटत होते की दिल्लीत सुनावणी होईल, शिवसेनेसारखी. छोट्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी इथे कान द्यावा. फुटीनंतर खरा पक्ष कोणता हे आयोग ज्या परिच्छेद १५ खाली ठरवतो, तो १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशातला परिच्छेद मान्यताप्राप्त पक्षांपुरता आहे. आमच्यासारख्यांनी आपले भांडण आपसात मिटवावे, नाहीतर दिवाणी न्यायालयाचा हुकूम आणावा. म्हणजे अठवालाइन्सच्या कोर्टात तारखा.

पण शिवसेनेच्या प्रकरणातून शिकण्यासारखे खूप आहे, आणि मराठी माणसाने ते पक्षप्रेम बाजूला ठेवून वाचावे. १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले, तेव्हा घटनेची कसोटी लावायला नकार दिला. कारण असे दिले की १९९९ मध्ये आयोगाच्या आग्रहाने घटनेत आलेली लोकशाही तत्त्वे २०१८ च्या दुरुस्तीने पुसली गेली, आणि ती दुरुस्ती आयोगाच्या नोंदीवर नव्हती. ठाकरे गटाला हे मान्य नव्हते. मग ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विधानसभा अध्यक्षांना सांगितले की दोन्ही गटांनी वेगळ्या घटना पुढे केल्या तर फूट पडण्यापूर्वी, दोघांच्या संमतीने आयोगाकडे दिलेली घटना पाहा. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १९९९ ची घटना ग्राह्य धरली आणि २०१८ ची नोंदीवर नाही म्हणून बाजूला ठेवली. निर्णय बरोबर की चूक, यावर आमच्या खानदेशात अजून जेवणाची ताटे थंड होतात. पण एवढे स्पष्ट आहे की दोन पिढ्यांचा, सत्तेत बसलेला पक्षसुद्धा भांडणाच्या दिवशी एका जुन्या कागदावर येऊन थांबला. मग दुकानाच्या माळ्यावर ऑफिस असलेल्या पक्षाची काय कथा?

म्हणून घटना बदलायला बसण्याआधी आयोगाकडे नोंदवलेली प्रत मागवा. तुमच्या कपाटातली नव्हे. आमच्या कपाटात तीन निघाल्या आणि तिन्हींत दुरुस्तीचे कलम वेगळे होते. दुरुस्ती झाली की ती तिथे पोचवा. कलम २९-अ चे नववे पोटकलम नाव, मुख्य कार्यालय, पदाधिकारी, पत्ता आणि इतर महत्त्वाचे बदल विनाविलंब कळवायला सांगते. पत्र स्पीड पोस्टाने, सोबत नोटीस, हजेरीपत्रक, इतिवृत्त आणि कलमवार मते. पोचपावती इतिवृत्ताच्या वहीत डकवून टाका. पोचपावती नसेल तर दुरुस्ती झाली आहे असे मनातसुद्धा धरू नका.

पत्त्याचे तर विशेष. आमचे ऑफिस भाड्याचे, ललिता चोकडीजवळून हलले आणि कोणी कळवले नाही. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आयोगाने ३३४ पक्ष यादीतून काढले आणि पुढच्या महिन्यात आणखी ४७४. सहा वर्षे निवडणूक न लढवणे हे मुख्य कारण, आणि पहिल्या यादीतल्या पक्षांची कार्यालयेही जागेवर सापडली नव्हती. देणग्यांवरची करसवलत, समान चिन्ह, सगळे त्याबरोबर जाते. भांडणाऱ्या दोन गटांपैकी कोणीच मग जिंकत नाही, आणि वर्गणीच्या पावत्या फाडणारा मात्र गल्लीत फिरतच राहतो.

सगळ्यात आधी सभासदांची नोंदवही. नाव, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, वर्गणीची पावती, तारीख आणि माणसाची स्वतःची सही. नोंदणीच्या वेळी आयोग किमान शंभर सभासदांची प्रतिज्ञापत्रे घेतो, त्यांत ते मतदार आहेत आणि दुसऱ्या नोंदणीकृत पक्षात नाहीत असे लिहिलेले असते. आमचे लोक ती शंभर नावे जमवून मोकळे झाले आणि पुढची नोंद कोणाच्या मोबाइलमध्ये, कोणाच्या पाकिटात राहिली. कोर्टात पहिला प्रश्न आला तो अध्यक्ष कोण हा नव्हता. सभेच्या दिवशी सभासद किती होते, हा होता. एक-तृतीयांश काढायचा तर आधी पूर्ण आकडा हवा. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी वेगवेगळे आकडे दिले, आणि दोघांकडे वह्या होत्या.

'सक्रिय' सभासद ठेवायचाच असेल तर त्याची कसोटी मोजता येईल अशी ठेवा: इतक्या सभांना हजेरी, इतके महिने वर्गणी. कोणाच्या मर्जीवर सोडू नका, मग तो माणूस देवमाणूस का असेना. ज्याचे नाव गळेल त्याला दाद मागायला समिती ठेवा, आणि तिच्यात अध्यक्ष नकोत. आज पदावर असलेल्यांना नवी मुदत लागू होणार की जुनीच, हे एका ओळीत लिहा. आमच्याकडे ती ओळ नव्हती, म्हणून एकाच माणसाची मुदत एका गटाच्या हिशेबाने संपली आणि दुसऱ्याच्या हिशेबाने नुकती सुरू झाली. प्रत्येक कलमावर वेगळे मत घ्या. अनेक बदल एकदाच हात वर करायला लावून मंजूर करून घेणारा माणूस त्यांतला एक तरी लपवत असतो.

सभेची तारीख ठरवताना पंचांगापेक्षा कारखान्याची सुट्टी पाहा. सौराष्ट्रवाले दिवाळीत गावी, आमचे खानदेशी अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आणि लग्नसराईत रेल्वेच्या ताप्ती लाइनने धुळे-जळगावकडे. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, सगळे गच्चीवर. मधला काळ भरपूर आहे. हिवाळ्यात कतारगामची पापडी बाजारात येते तेव्हा सगळे घरी असतात, उंधियूच्या निमित्ताने माणसे जमतातही. आमच्या वकिलांनी दोन्ही गटांपुढे ठेवलेला तोडगा हाच आहे: जुनी घटना, जुनी गणसंख्या, पोस्टाने नोटीस, जानेवारीचा रविवार. दोघांनी तत्त्वतः होकार दिला आहे. नोटिशीवर सही कोणाची, यावर गाडी अडली आहे.